थरांचा आरसा: जाडीवर रंग कसा ठरतो, तो कसा मोजायचा आणि कागदावर कसा रचायचा

घरातल्या आरशाला रंगाशी देणंघेणं नसतं. काचेमागे धातूचा पातळ मुलामा असतो आणि पडेल तो प्रकाश तो जवळजवळ सगळाच परत पाठवतो. ॲल्युमिनियमचा मुलामा दृश्य प्रकाशाचा साधारण ९० टक्के भाग परत फेकतो आणि उरलेला शोषून घेतो. थरांचा आरसा मुळातच वेगळा आहे. त्यात धातू नसतो. काचेवर दोन पारदर्शक पदार्थांचे अतिशय पातळ थर आलटून पालटून दिलेले असतात. त्यातला कुठलाही एक थर एकटा घेतला तर तो आरसा नव्हेच. पण जाडी नेमकी जमली की ठरावीक रंगाचा ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत येतो आणि बाकीचे रंग आरपार जातात. रंगद्रव्य लागत नाही, काही शोषलंही जात नाही. रंग ठरतो तो जाडीवर.

पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. करणारी मुलं आणि शाळेत विज्ञान मंडळ चालवणारे शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. पुस्तकात व्यतिकरणाचा, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून वाढण्या-खोडण्याचा, धडा साबणाच्या फुग्यापाशी संपतो. त्याच गणितातून खरा आरसा रचता येतो, हे मात्र बहुतेकांना कोणी करून दाखवत नाही. तो कसा रचायचा ते इथे सांगतो. त्यासाठी फोन, एक जुनी डीव्हीडी आणि एक्सेलसारखा तक्ता एवढं पुरे.

पहिली पायरी: थरांचे आरसे ओळखायला शिका

सगळ्यात जवळचा नमुना म्हणजे चष्मा. अँटी-ग्लेअर काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट किंवा जांभळट दिसतं. तो थरांचाच खेळ आहे, फक्त उलट्या कामासाठी: परावर्तन वाढवायला नव्हे, कमी करायला. 'ब्लू-कट' काचेतलं प्रतिबिंब निळं दिसतं, कारण तिथले थर निळ्याचा काही भाग परत पाठवतात.

दुसरा नमुना जुन्या हॅलोजन स्पॉट दिव्याचा. एलईडी येण्याआधी सराफांच्या आणि कापडाच्या शोरूमच्या छतात वाटीसारखे छोटे १२ व्होल्टचे दिवे असत. नागपुरात बर्डीवर किंवा इतवारीत विजेच्या सामानाच्या जुन्या दुकानात विचारा, उडालेला दिवासुद्धा चालेल. यातल्या बऱ्याच दिव्यांच्या वाटीला आतून थरांचा लेप असतो. तो दृश्य प्रकाश पुढे फेकतो आणि उष्णतेचे अवरक्त किरण मागे जाऊ देतो. त्यामुळे दागिन्यांवर उजेड पडतो पण उष्णता कमी पडते. याला 'कोल्ड मिरर' म्हणतात. वाटी उजेडासमोर धरून मागून पाहा. लालसर-जांभळट उजेड झिरपताना दिसला तर थरांचा लेप आहे. काहीच दिसलं नाही तर तो साधा ॲल्युमिनियमचा मुलामा.

तिसरा आणि सगळ्यात शिकवणारा नमुना म्हणजे जुन्या प्रोजेक्टरमधला काचेचा घन. त्यात तिरप्या कर्णांवर दोन लेप असतात, एक लाल परतवणारा आणि एक निळा परतवणारा. तीन बाजूंनी आलेले लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश त्यातून एकत्र होऊन एकाच बाजूनं बाहेर पडतात. असे घन ऑनलाइन स्वस्तात मिळतात. वर्गासाठी एक तरी घ्या.

निसर्गातही हे आहेच. पावसाळ्यात बाभळीवर दिसणाऱ्या सोनकिड्याच्या हिरव्या पंखांची चकाकी अशाच थरांतून येते, आणि शिंपल्याच्या आतल्या मोतिया रंगांतही थरांचा मोठा वाटा असतो. नागपूरकरांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सी. व्ही. रामन १९१० मध्ये वित्त खात्यातले अधिकारी म्हणून नागपुरात नेमणुकीला होते. पुढे याच माणसानं शिंपल्याचे रंग आणि पोटॅशियम क्लोरेटच्या चमकणाऱ्या स्फटिकांवर चिकाटीनं संशोधन केलं. त्या स्फटिकांच्या आत निसर्गानं रचलेला थरांचा आरसाच असतो. गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात मुलांना घेऊन गेलात तर रामन परिणामाच्या जोडीनं ही गोष्टही सांगा.

दुसरी पायरी: पाव तरंग म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना सीमेवर थोडा परत फिरतो. किती फिरतो ते दोघांच्या अपवर्तनांकातल्या (पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो त्या आकड्यातल्या) फरकावर ठरतं. हवा १ आणि काच १.५२ धरली तर फरक भागिले बेरीज, म्हणजे ०.५२ भागिले २.५२. त्याचा वर्ग साधारण ०.०४३. म्हणजे काचेचा एक पृष्ठभाग जेमतेम ४.३ टक्के प्रकाश परतवतो.

आता मेख अशी. कमी अपवर्तनांकाकडून जास्तीकडे जाताना जो प्रकाश परत फिरतो, त्याची लाट उलटी होते, म्हणजे अर्ध्या तरंगानं सरकते. जास्तीकडून कमीकडे जाताना मात्र परतणारी लाट उलटत नाही. थरांच्या रचनेत या दोन तऱ्हेच्या सीमा एकाआड एक येतात. जाडीचा काही हिशेब ठेवला नाही तर या सगळ्या परतलेल्या लाटा एकमेकींना खोडत राहतील.

म्हणून प्रत्येक थर पाव तरंगाइतका, म्हणजे त्या थरातल्या लाटेच्या लांबीच्या चौथ्या भागाइतका, जाड ठेवतात. थरात शिरून परत यायला पाव अधिक पाव असा अर्धा तरंग खर्च होतो. सीमेवरचा अर्ध्या तरंगाचा फरक आणि प्रवासातला अर्धा तरंग यांची बेरीज एक पूर्ण तरंग होते, आणि सगळ्या सीमांवरून परतलेल्या लाटा एका तालात बाहेर येतात. एकेक सीमा थोडीच देते, पण दिलेलं सगळं एकाच दिशेला जमत जातं. असा ताल फक्त त्या ठरलेल्या तरंगलांबीच्या आसपासच जुळतो. दुसऱ्या रंगांसाठी तो मोडतो आणि ते पुढे निघून जातात.

जाडीचं सूत्र सोपं आहे: तरंगलांबी भागिले (४ गुणिले अपवर्तनांक). नेहमीची जोडी टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिकाची. टायटॅनियम डायऑक्साइडच्या थराचा अपवर्तनांक तो कसा बनवला त्यानुसार साधारण २.२ ते २.५ असतो, आपण २.३५ धरू. सिलिकाचा १.४६. हिरव्या ५५० नॅनोमीटरसाठी पहिला थर ५८.५ नॅनोमीटर आणि दुसरा ९४.२ नॅनोमीटर जाड हवा.

तिसरी पायरी: थर किती हवेत, ते काढा

काचेवर दोन्ही टोकांना जास्त अपवर्तनांकाचा थर येईल अशी रचना घ्या. मधल्या तरंगलांबीसाठी हिशेब तोंडी जमण्यासारखा आहे. २.३५ चा वर्ग भागिले १.५२ म्हणजे ३.६३. पुढे प्रत्येक जोडीमागे या आकड्याला २.५९ नं गुणा (२.३५ भागिले १.४६, त्याचा वर्ग). जो आकडा येईल त्यातून १ वजा करा, त्याला आकडा अधिक १ नं भागा आणि वर्ग करा. ते तुमचं परावर्तन.

एका थरात ३२ टक्के येतात. तीन थरांत ६५, पाचांत ८५, सातांत ९४. नऊ थरांत ९७.६ टक्के, अकरांत ९९ आणि पंधरांत ९९.८६ टक्के. सात थरांतच ॲल्युमिनियम मागे पडतं, आणि नऊ थरांची मिळून जाडीही एका मायक्रॉनच्याही आत असते.

वरवर पाहता ९९ आणि ९९.८६ यात फारसा फरक वाटत नाही. पण लेझरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये शेकडो वेळा येरझारा घालतो आणि तिथे प्रत्येक फेरीतला तोटा मोजला जातो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोच्या सध्याच्या यंत्रांत ४० किलो वजनाचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे सिलिकाचे आरसे आहेत. त्यांच्यावर सिलिका आणि टायटॅनियम मिसळलेल्या टँटलम ऑक्साइडचे थर आहेत आणि ते १०६४ नॅनोमीटरच्या लेझरसाठी जुळवलेले आहेत. गणित तुम्ही आत्ता केलंत तेच. तिथे मोठी अडचण परावर्तनाची नाही, थरांतल्या अणूंच्या उष्णतेच्या थरथरीची आहे. लायगोच्या संवेदनशीलतेला ज्या मर्यादा पडतात, त्यातली ही एक.

चौथी पायरी: रंगाचा पट्टा किती रुंद, ते ठरवा

आरसा एकच तरंगलांबी परतवत नाही, एक पट्टा परतवतो. त्याची रुंदी थरांच्या संख्येवर नव्हे, दोन पदार्थांच्या अपवर्तनांकातल्या तफावतीवर ठरते. थर वाढवले की पट्ट्याचे काठ तीव्र होतात, पण पट्टा रुंदावत नाही. परीक्षेत आणि प्रयोगशाळेत दोन्हीकडे सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

आपल्या जोडीसाठी तफावत भागिले बेरीज म्हणजे ०.८९ भागिले ३.८१. त्याचा व्यस्त साइन रेडियनमध्ये काढून ०.६३७ नं गुणा, ०.१५ येतात. मधल्या तरंगलांबीला १.१५ नं भागलं की एक काठ, ०.८५ नं भागलं की दुसरा. ५५० साठी पट्टा सुमारे ४७८ ते ६४७ नॅनोमीटर. निळा-जांभळा आणि गडद लाल आरपार जातात, म्हणून या काचेतून पाहिलं की जग किरमिजी दिसतं.

आता नागपूरला साजेसा एक सराव करू: संत्र्याच्या रंगाचा आरसा रचा. नारिंगी म्हणजे ६०० नॅनोमीटर, असं म्हणून ६०० मध्यावर धरला की पट्टा ५२२ ते ७०६ चा होतो. त्यात हिरवा शिरतो आणि आरसा पिवळा दिसतो. डोळ्याला रंग दिसतो तो पट्ट्याच्या मध्यावरून नाही, काठांवरून. हिरवा बाहेर ठेवायचा तर खालचा काठ ५६५ च्या आसपास न्यायला हवा, म्हणून मध्य ६५० धरा. पट्टा ५६५ ते ७६५ होतो. प्रतिबिंब नारिंगी आणि आरपार जाणारा उजेड निळा-हिरवा. थरांच्या जाड्या ६९ आणि १११ नॅनोमीटर. संत्र्याची साल निळा उजेड शोषून टाकते, हा आरसा तोच निळा मागच्या बाजूला जसाच्या तसा पोचवतो.

पाचवी पायरी: पूर्ण आलेख एक्सेलमध्ये काढा

वरची सूत्रं फक्त मध्याची आणि काठांची उत्तरं देतात. प्रत्येक तरंगलांबीला काय होतं हे पाहायला थरागणिक आव्यूह (मॅट्रिक्स) गुणावे लागतात. 'आव्यूह' म्हटलं की मुलं बिचकतात. पण प्रकाश सरळ पडत असेल आणि थर शोषत नसतील तर कल्पित संख्यांना हात न लावता चार साध्या आकड्यांवर काम भागतं.

पहिल्या रकान्यात ४०० ते ८०० नॅनोमीटर, पाच-पाचच्या टप्प्यानं. प्रत्येक थरासाठी फेज, म्हणजे थर ओलांडताना लाट किती पुढे सरकते तो कोन (रेडियनमध्ये), काढा: ६.२८३२ × अपवर्तनांक × जाडी ÷ तरंगलांबी. मग त्या थराचे चार आकडे:

क = घ = फेजचा कोसाइन
ख = फेजचा साइन ÷ अपवर्तनांक
ग = अपवर्तनांक × फेजचा साइन

हवेकडच्या थरापासून सुरुवात करा आणि एकेक थर उजवीकडून गुणत चला. १ म्हणजे आतापर्यंतचा गुणाकार, २ म्हणजे नवा थर:

नवा क = क१ × क२ − ख१ × ग२
नवा ख = क१ × ख२ + ख१ × घ२
नवा ग = ग१ × क२ + घ१ × ग२
नवा घ = घ१ × घ२ − ग१ × ख२

सगळे थर संपले की:

परावर्तन = [(क − १.५२ × घ)² + (१.५२ × ख − ग)²] ÷ [(क + १.५२ × घ)² + (१.५२ × ख + ग)²]

तक्ता बरोबर आहे का, हे लगेच तपासा. सगळ्या जाड्या शून्य केल्या की सगळीकडे ४.२६ टक्के यायला हवेत. फक्त एक थर ठेवला की मध्यावर ३२ टक्के, नऊ थरांना ९७.६. हे तिन्ही जुळले नाहीत तर पुढे जाऊ नका, एखाद्या रकान्यात अधिक-उण्याची चूक असेल.

मग प्रयोग करा. सगळ्या जाड्या २ टक्क्यांनी वाढवा. ५५० चा मध्य ५६१ वर सरकतो. कारखान्यात थरांची जाडी का इतकी जपतात ते इथे दिसतं. त्यानंतर माझ्या मते सगळ्यात सुंदर प्रयोग: पाच थरांचा आरसा, मध्ये सिलिकाचा दुप्पट जाडीचा म्हणजे अर्ध्या तरंगाचा थर, आणि पुन्हा पाच थरांचा आरसा. दोन आरसे समोरासमोर ठेवल्यावर प्रकाश दुप्पट अडावा असं वाटतं. पण आलेखात मध्यावर एक अरुंद खिडकी उघडते आणि बरोबर ५५० नॅनोमीटरला परावर्तन कोऱ्या काचेइतकं, ४.२६ टक्क्यांवर येतं. अर्ध्या तरंगाचा थर त्या तरंगलांबीला जणू नसतोच. तो गेला की शेजारचे दोन पाव थर मिळून पुन्हा अर्धा तरंग होतो, तोही जातो, आणि असं करत अख्खी रचना विरघळते. एका अरुंद पट्ट्यापुरते उघडे असणारे अनेक फिल्टर याच तत्त्वावर बनतात.

सहावी पायरी: खऱ्या काचेवर मोजा

खोक्याच्या एका बाजूला दोन ब्लेडच्या धारांनी बारीक फट करा. कोरी राहिलेली डीव्हीडी-आर कडेनं उकलून तिचे दोन पापुद्रे वेगळे करा. पारदर्शक पापुद्र्यावरचा रंग अल्कोहोलनं धुवा आणि त्याचा तुकडा फोनच्या कॅमेऱ्यावर लावा. डीव्हीडीच्या रेघांतलं अंतर ०.७४ मायक्रॉन असतं, त्यामुळे हिरवा रंग जवळपास ४८ अंशांवर वळतो; कॅमेरा तेवढा तिरपा बसवा. मोजपट्टी लावायला जुना सीएफएल दिवा उत्तम. त्याच्या ठळक रेषा ४३६, ५४६ आणि ६११ नॅनोमीटरच्या आसपास येतात. दिवा फुटू देऊ नका, आत पारा असतो.

मग टंगस्टनच्या साध्या बल्बचा पट्टा आधी नुसता आणि मग काच मध्ये धरून टिपा. एलईडी घेऊ नका. त्याच्या प्रकाशात निळ्यानंतर एक खड्डा असतो आणि लाल तोकडा पडतो. फोनचं एक्स्पोजर लॉक करून ठेवा. एवढं करूनही फोनवरून टक्केवारी काढू नका, कारण कॅमेरा उजेडाची नोंद सरळ प्रमाणात करत नाही. काठ कुठे आहेत ते मात्र भरवशानं कळतं, आणि आपल्याला काठच हवे आहेत.

आता काच तिरपी करा. तिरपी केल्यावर थरातला रस्ता लांबतो, म्हणून पट्टा लालकडे सरकेल असा पहिला अंदाज असतो. प्रत्यक्षात तो निळ्याकडे सरकतो. दोन सीमांवरून परतलेल्या लाटांतला फरक थरातल्या कोनाच्या कोसाइनच्या पटीत असतो, म्हणून तो कमी होतो. अंदाजासाठी सरासरी अपवर्तनांक १.८ धरा: कोनाचा साइन भागिले १.८, त्याचा वर्ग १ मधून वजा, त्याचं वर्गमूळ. ४५ अंशांना ०.९२ येतात. संत्र्याच्या आरशाचा ५६५ चा काठ ५२० वर जाईल आणि आरसा पिवळा दिसेल. हाताशी असलेल्या कुठल्याही थरांच्या काचेवर हे सरकणं फोननं टिपता येतं.

लेझर पॉइंटर वापरलात तर तो स्टँडवर पक्का बसवा आणि परतलेला किरण कुठे जातो ते आधी ठरवा. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारे अवरक्त किरणही गळू शकतात.

सातवी पायरी: बनवून घ्यायचा असेल तर

हे थर घरी देता येत नाहीत. त्याला निर्वात कक्ष लागतो. त्यात इलेक्ट्रॉनच्या झोतानं पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवतात, किंवा आयनांच्या माऱ्यानं पदार्थाचे अणू उडवून. थर किती चढला हे कंप पावणाऱ्या क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या बदलत्या वारंवारितेवरून मोजतात. महाविद्यालयातर्फे मागणी नोंदवताना 'हिरव्याचा आरसा' एवढंच लिहू नका. तरंगलांबीचा पट्टा, किती टक्के परावर्तन, प्रकाश कोणत्या कोनात पडणार, त्याचं ध्रुवण (लाटेच्या कंपनाची दिशा) कोणतं आणि लेझर असल्यास त्याची शक्ती, हे सगळं लिहा. मागच्या पृष्ठभागाचं विसरू नका. तिथून ४ टक्के प्रकाश परत येतो आणि दुसरं फिकट प्रतिबिंब पडतं. तिथे मॅग्नेशियम फ्लोराइडचा १०० नॅनोमीटरचा एक थर मागितला तर ते १.३ टक्क्यांपर्यंत खाली येतं.

सांभाळ

नागपूरच्या हवेत याला वेगळी काळजी लागते. वाफेनं बसवलेल्या थरांत सूक्ष्म पोकळ्या असतात. हवेतला ओलावा त्यांत शिरला की थराचा अपवर्तनांक वाढतो आणि पट्टा थोडा लालकडे सरकतो. पावसाळा तर आहेच, पण इथे मे महिन्यातही धोका असतो, कारण बाहेर कोरडा फुफाटा असला तरी घरात कूलर चालू असतो आणि खोली दमट होते. कूलरच्या खोलीत आरसे, लेन्सा आणि फिल्टर उघडे ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करा. ओलावा राहिला तर लेपावर बुरशीचं जाळं धरतं आणि ते काढताना लेपही जातो.

पुसण्याआधी रबरी फुग्यानं धूळ उडवा. कोरड्या रुमालानं किंवा ओढणीच्या टोकानं पुसलं की धुळीतले कण लेपावर ओरखडे काढतात. लेन्सचा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन थेंबांनी ओलावा, काचेवर पसरवा आणि दाब न देता एकाच दिशेनं ओढून घ्या. तोच कागद दुसऱ्यांदा वापरू नका. काच नेहमी कडांनी धरा, आणि डब्यावर लेपाची बाजू कोणती ते पेन्सिलीनं लिहून ठेवा.